विश्लेषण : लाकडाच्या भुशापासून संगमरवर! जॉर्ज कार्व्हर यांचे प्रयोग भिंतींपर्यंत का पोहोचले नाहीत?

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्रात नव्याने सांगावे लागत नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ मध्ये आले आणि भुईमुगाच्या शेंगेतून शेकडो वस्तू काढणारा हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ मराठी घरांत ओळखीचा झाला. मात्र त्यांच्या कामाची एक बाजू भुईमुगाच्या आड राहिली. रंध्यातून निघालेला लाकडाचा कीस, शेंगांची टरफले, रस्त्याकडेची रंगीत माती अशा टाकाऊ वस्तूंपासून घर बांधण्याचे आणि सजवण्याचे साहित्य तयार करण्याचा त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केला. लाकडाच्या किसापासून केलेला कृत्रिम संगमरवर हा त्यातला सर्वांत चर्चेतला प्रयोग. आज पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ घरोघरी आहेत, पण कार्व्हर यांचा संगमरवर कुठेच नाही. असे का झाले? आणि त्यांचे कोणते काम खरोखर भिंतींपर्यंत पोहोचले?

कार्व्हर यांचा घरबांधणीशी संबंध कधी आला?

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह या गावाजवळ गुलामगिरीत झाला. नेमकी तारीख त्यांनाही ठाऊक नव्हती. मोझेस आणि सुसान कार्व्हर या शेतकरी दांपत्याच्या जागेवर लाकडी ओंडके रचून बांधलेली एका खोलीची झोपडी हे त्यांचे पहिले घर. तान्हे असतानाच आईसह त्यांना लुटारूंनी पळवले. मोझेस यांनी माणूस पाठवून शोध घेतला. मूल परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. मूल आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून घोडा देण्यात आला.

शिक्षणासाठी त्यांनी लहानपणीच घर सोडले. लोकांचे कपडे धुवून, स्वयंपाक करून ते गावोगाव शिकत राहिले. कॅन्ससमधील हायलँड येथील महाविद्यालयाने पत्रावरून प्रवेश दिला, पण हा विद्यार्थी कृष्णवर्णीय आहे हे समोर पाहिल्यावर दार बंद केले. त्यानंतर १८८६ मध्ये ते कॅन्ससच्या पश्चिमेकडील नेस काउंटीत सरकारी जमिनीवर शेती करायला गेले. तिथल्या सपाट गवताळ माळावर घर बांधण्यापुरती झाडे नव्हती. तिथले लोक गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या विटांसारख्या वड्या कापत आणि त्या एकमेकींवर रचून भिंती उभ्या करत. कार्व्हर यांनीही सुमारे १४ फूट लांब-रुंद असे घर स्वतःच्या हाताने बांधले. जे जवळ आहे त्यातूनच निवारा उभा करायचा, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी असे हाताने केले होते.

चित्रकार व्हायचे होते, मग शेतीकडे कसे वळले?

१८९० मध्ये त्यांना आयोवातील सिम्पसन कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. तिथे ते चित्रकला शिकत होते. त्यांच्या एका वनस्पतीचित्राचा १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात गौरवपूर्वक उल्लेख झाला. परंतु कृष्णवर्णीय चित्रकाराला कलेवर पोट भरता येणे अवघड, हे त्यांच्या शिक्षिका एटा बड यांना दिसत होते. त्यांचे वडील आयोवाच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. बड यांच्या सल्ल्याने कार्व्हर तिथे गेले. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. त्या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय शिक्षकही.

कार्व्हर यांच्यातला चित्रकार मात्र गेला नाही. रंग कशापासून होतो, पृष्ठभागावर कसा बसतो, किती टिकतो, हे प्रश्न पुढे त्यांनी कॅनव्हासऐवजी गरिबांच्या भिंतींना विचारले.

टस्कीगीत त्यांना काय दिसले?

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना अलाबामातील टस्कीगी येथे बोलावले. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी १८८१ मध्ये सुरू झालेली ही संस्था विद्यार्थ्यांच्या श्रमांतून उभी राहत होती. विटाही विद्यार्थीच भाजत. सुरुवातीला विटांच्या तीन भट्ट्या वाया गेल्या तेव्हा वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण टाकून चौथी भट्टी लावली. पुढे त्या विटा परिसरात विकल्या जाऊ लागल्या. संस्थेच्या इमारतींचे आराखडे रॉबर्ट टेलर या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने केले.

कार्व्हर यांना मात्र प्रयोगशाळा म्हणून जवळपास काहीच मिळाले नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना कचऱ्याच्या ढिगांवर पाठवले. बाटल्या, बरण्या, फुटकी कपबशी, तारा गोळा करून आणल्या आणि त्यांतून उपकरणे तयार केली. त्यांच्या कामाची पद्धत इथेच ठरली. एखादी वस्तू फेकण्याआधी ती कशापासून बनली आहे आणि तिचे आणखी काय होईल, हे पाहायचे.

आजूबाजूचा प्रदेश कापसाचा होता. वर्षानुवर्षे एकच पीक घेऊन जमिनीचा कस गेला होता. बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबत आणि सावकारी कर्जात अडकलेले असत. त्यांची घरे म्हणजे बिनरंगी फळ्यांच्या एक-दोन खोल्या. फळ्यांच्या फटींतून वारा आणि पाऊस आत येई. ते अडवायला भिंतींना आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली असत. जमीन, पीक, आहार यांबरोबर घर हाही कार्व्हर यांच्या कामाचा भाग का झाला, याचे उत्तर या घरांत आहे.

एवढे लाकूड असताना घरे अशी का?

अमेरिकेच्या दक्षिणेत लाँगलीफ पाइन या झाडाची जंगले एकेकाळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेली होती. १८८० नंतर रेल्वे आली आणि मोठमोठ्या सॉ मिलनी चार-पाच दशकांत ही जंगले साफ केली. एका ठिकाणचे लाकूड संपले की यंत्रे उचलून पुढच्या ठिकाणी जायचे, असा धंदा होता. चांगले लाकूड बाहेर विकले जाई. स्थानिक गरिबांच्या वाट्याला हलक्या फळ्या येत आणि गिरण्यांच्या मागे भुशाचे डोंगर उरत.

गोल ओंडक्यातून चौकोनी फळी काढली की कडेच्या साली, ढलप्या, करवतीचा भुसा आणि रंध्याचा कीस असे बरेच लाकूड वाया जाते. त्या काळी ते एक तर गिरणीच्या बॉयलरमध्ये जळे किंवा उघड्यावर पेटवून दिले जाई. पाइनचे झाड वाढायला अनेक दशके लागतात आणि त्याचा मोठा भाग काही तासांत धुरात जातो, ही उधळपट्टी कार्व्हर यांना खुपत होती.

त्यांचे कोणते काम प्रत्यक्ष भिंतींवर लागले?

सर्वांत साधे काम सर्वांत दूर गेले. मेकन काउंटीत, म्हणजे टस्कीगीच्या परिसरात, पांढरी, पिवळी, तांबडी अशा अनेक छटांची माती रस्त्याकडेला उघडी पडलेली असे. १९११ मध्ये कार्व्हर यांनी टस्कीगीच्या प्रयोग केंद्राकडून एक पुस्तिका काढली. स्थानिक मातीपासून सफेदी आणि रंग कसे करायचे, हे त्यात शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगितले होते. माती खणायची, पाण्यात कालवून खडे-वाळू खाली बसू द्यायची, वरची मऊ माती वापरायची आणि भिंतीवर हात मारायचा. दुकानातून डबा आणायची गरज नाही.

आपल्याकडे चूल आणि भिंती पांढऱ्या मातीने पोतारणाऱ्या, गेरूचा पट्टा ओढणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. अलाबामातील बिनरंगी फळ्यांच्या घरांत मात्र हा मोठा बदल होता. घर उजळ आणि स्वच्छ दिसे. कर्जात बुडालेल्या कुटुंबाला एक पैसाही न घालता आपले घर आपल्या मर्जीने सजवता येई. १९०६ पासून टस्कीगीची एक फिरती शाळा घोडागाडीतून गावोगाव जाऊ लागली होती. जेसप वॅगन या नावाने ती ओळखली जाई. शेतीबरोबरच घर नीटनेटके ठेवण्याचे धडेही तिथे प्रत्यक्ष करून दाखवले जात.

पुढे कार्व्हर यांनी मातीतून रंग काढण्याच्या रासायनिक पद्धतीवरही काम केले. त्यांच्या नावावर आयुष्यात केवळ तीन पेटंट आहेत. त्यांतले एक सौंदर्यप्रसाधनाचे आहे आणि उरलेली दोन, १९२५ आणि १९२७ ची, लाकडाला द्यायच्या रंगाची आहेत. भुईमुगामुळे जगभर गाजलेल्या माणसाच्या पेटंटांपैकी दोन घराच्या रंगाशी संबंधित असावीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लाकडाच्या किसापासून संगमरवर म्हणजे नेमके काय?

कार्व्हर यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या वस्तूंत लाकडाच्या किसापासून केलेला कृत्रिम संगमरवर आणि शेंगांच्या टरफलांपासून केलेले भिंतीचे बोर्ड यांचा उल्लेख आवर्जून होतो. त्यामागची कल्पना समजायला लाकडाची रचना पाहावी लागेल.

लाकडात ढोबळमानाने तीन घटक असतात. सेल्युलोज हा लांब धाग्यांसारखा घटक ४० ते ५० टक्के असतो आणि ताण सहन करतो. हेमिसेल्युलोज हा त्याच्याभोवतीचा शर्करायुक्त घटक. तिसरा लिग्निन, म्हणजे या सगळ्याला चिकटवून ठेवणारा नैसर्गिक डिंक. हे लाकूड कापून त्याचा भुसा झाला तरी धागे आणि डिंक नाहीसे होत नाहीत, ते फक्त सुटे होतात. त्यांना पुन्हा बांधणारा पदार्थ आणि दाब मिळाला की त्याच भुशाचा नवा तक्ता किंवा लादी होऊ शकते.

दगडासारखा पृष्ठभाग हवा असेल तर खनिज बंधक वापरतात. स्टॅनिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८६७ मध्ये मॅग्नेशियमच्या संयुगांपासून एक सिमेंट तयार केले होते. त्यात लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या जोडविरहित फरश्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत वापरात होत्या. त्यांना घासून चकाकी आणता येई, रंगद्रव्य घालून संगमरवराच्या शिरांसारखी नक्षी काढता येई. १९०८ मध्ये ऑस्ट्रियात लाकडाच्या लांब किसाला मॅग्नेसाइटने बांधून भिंतीचे हलके तक्ते करण्याची पद्धत आली. म्हणजे लाकडाच्या उरल्यासुरल्या भागाला दगडाचे रूप देण्याची दिशा त्या काळी नवी नव्हती. कार्व्हर यांचे वेगळेपण असे की त्यांनी हा विचार कारखानदाराच्या नव्हे, तर जवळ पैसा नसलेल्या प्रदेशाच्या बाजूने केला. गावात जे वाया जाते तेच गावाच्या घराला लागावे.

भुसा सिमेंटमध्ये नुसता कालवला तर?

हा प्रश्न आजही अनेकांना पडतो. उत्तर असे की नुसता कालवला तर बहुधा फसते. पहिली अडचण साखरेची. लाकडातील शर्करा पाण्यात उतरते आणि नेहमीच्या पोर्टलंड सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. म्हणून भुसा आधी गरम पाण्यात धुवावा लागतो किंवा त्यावर चुन्याची अथवा कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षाराची प्रक्रिया करावी लागते. दुसरी अडचण पाण्याची. लाकूड ओलसर झाले की फुगते, सुकले की आकसते. त्यामुळे लादीला भेगा पडतात. तिसरी अडचण वाळवी, बुरशी आणि आग यांची. खनिज बंधकाचे प्रमाण वाढवले की या तिन्हींपासून संरक्षण वाढते, पण वजन आणि खर्चही वाढतो.

थोडक्यात, प्रयोगशाळेत एक सुबक तुकडा करणे हे काम वेगळे. दर वेळी तसाच, तेवढ्याच मजबुतीचा आणि परवडणाऱ्या भावाचा तुकडा करणे हे त्याहून कितीतरी अवघड.

मग शेजारच्या राज्यात हे कसे जमले?

अलाबामाला लागून मिसिसिपी राज्य आहे. तिथल्या लॉरेल या लाकूड-गिरण्यांच्या गावात विल्यम मेसन नावाचा अभियंता १९२०च्या दशकात याच टाकाऊ ढलप्यांच्या मागे लागला होता. त्याने थॉमस एडिसन यांच्याकडे अनेक वर्षे काम केले होते. मेसनने ढलप्या बंद भांड्यात वाफेच्या मोठ्या दाबाखाली ठेवल्या आणि दाब एकदम सोडला. आत शिरलेली वाफ फुटून बाहेर आली आणि लाकडाचे धागे कापसासारखे मोकळे झाले.

मेसनला या धाग्यांपासून उष्णतारोधक हलके तक्ते करायचे होते. प्रचलित कथेनुसार, जेवायला जाताना एक तक्ता दाबयंत्रात राहून गेला, गळक्या झडपेतून वाफ येत राहिली आणि परत आल्यावर हाती पातळ, टणक, गुळगुळीत पत्रा आला. कथा कितीही रंगवलेली असो, त्यामागचे शास्त्र पक्के आहे. उष्णता आणि दाबाखाली लाकडातील लिग्निन मऊ होऊन पुन्हा धाग्यांना बांधते. बाहेरून सरस किंवा रेझिन घालायची गरज उरत नाही. १९२४ मध्ये मेसनने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली आणि ‘मेसोनाइट’ हार्डबोर्ड जगभर गेला. त्याच सुमारास लुईझियानात उसाच्या चिपाडांपासून ‘सेलोटेक्स’ नावाचे तक्ते निघू लागले होते.

मेसनकडे दोन गोष्टी होत्या. एक, गिरण्यांच्या दारातच एकाच जातीच्या लाकडाचा अखंड पुरवठा. दोन, लाकूड व्यवसायातील लोकांचे भांडवल. कार्व्हर यांच्याकडे यातले काहीच नव्हते.

कार्व्हर यांनी धंदा उभारण्याचा प्रयत्न केलाच नाही का?

केला, पण अर्धवट. १९२३ मध्ये अटलांटातील काही व्यावसायिकांनी त्यांच्या नावाने कंपनी काढली. ती चालली नाही. कार्व्हर यांचा पिंड व्यापाऱ्याचा नव्हता. एका प्रयोगावरून दुसऱ्याकडे ते झपाट्याने जात. उत्पादनाचा खर्च किती, टिकाऊपणा किती वर्षांचा, यांची मोजमापे त्यांनी क्वचितच मांडली. बहुतेक वस्तूंची कृती त्यांनी सविस्तर लिहूनही ठेवली नाही. आपले शोध म्हणजे देवाची देणगी आहे, त्यावर पैसा कमवायचा नाही, अशी त्यांची धारणा होती. ती उदात्त होती. पण कृती कागदावर नसेल तर ती फुकट वाटताही येत नाही. लाकडी संगमरवराचे नेमके हेच झाले.

याला दुसरीही बाजू आहे. वर्णद्वेषी कायद्यांच्या त्या काळात दक्षिणेतील कृष्णवर्णीय संशोधकाला बँक, कारखाना, अभियंते यांची साथ मिळणे जवळपास अशक्य होते. १९२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगाची बाजू मांडायला ते गेले तेव्हा त्यांना १० मिनिटे देण्यात आली होती. सुरुवातीला टवाळी झाली, मग सदस्यांनी त्यांचा वेळ पुन्हा पुन्हा वाढवून दिला. देशभर कीर्ती झाली. कीर्ती मिळाली तरी टस्कीगीच्या प्रयोगशाळेला सुसज्ज औद्योगिक संशोधन केंद्राचे बळ मिळाले नाही.

हेन्री फोर्ड यांच्याशी मैत्री कशामुळे?

१९३०च्या दशकातील महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले. पिके आणि पिकांचे अवशेष यांपासून कारखान्यांसाठी कच्चा माल तयार करावा, असा विचार मांडणारी एक चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत संघटित झाली. तिला ‘केमर्जी’ म्हणत. मोटारसम्राट हेन्री फोर्ड तिचे मोठे पुरस्कर्ते होते. सोयाबीनपासून प्लास्टिकचे भाग करण्याचे प्रयोग त्यांच्याकडे सुरू होते. १९३७ मध्ये डिअरबॉर्न येथील परिषदेत कार्व्हर बोलले आणि दोघांची मैत्री जुळली. वृद्ध कार्व्हर यांना जिने चढणे जड जाऊ लागले तेव्हा फोर्ड यांनी टस्कीगीतील त्यांच्या निवासी इमारतीत लिफ्ट बसवून दिली.

१९४२ मध्ये फोर्ड यांनी मिशिगनमधील आपल्या संग्रहालयाच्या आवारात कार्व्हर यांच्या नावाने एक लाकडी झोपडी उभारली. कार्व्हर यांनी आठवणीतून सांगितलेल्या जन्मघरावरून ती बेतली होती. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर यांचे टस्कीगीत निधन झाले. आयुष्यभर साठवलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला दिले होते. त्याच वर्षी जुलैत त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाले. कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तीच्या नावाचे ते पहिले राष्ट्रीय स्मारक.

कार्व्हर यांच्याबद्दलच्या कथांत अतिशयोक्ती किती?

बरीच. भुईमुगाचे लोणी त्यांनी शोधले, हा समज चुकीचा आहे. भुईमुगाच्या ३०० वस्तूंच्या यादीत एकाच पदार्थाचे अनेक प्रकार आणि आधीपासून माहीत असलेल्या वस्तूही आहेत. गवाणकर यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, १९८१ मध्ये, अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहासकार महिलेने कार्व्हर यांचे चिकित्सक चरित्र लिहिले. त्यात दंतकथा आणि पुरावा यांची फारकत केली आहे. त्यांच्या प्रयोगशाळेतील फारच थोड्या वस्तू बाजारात टिकल्या, हे आता अभ्यासक मान्य करतात.

त्यामुळे त्यांचे मोठेपण कमी होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. ते संगमरवराच्या तुकड्यात नाही, तर मातीच्या रंगाच्या पुस्तिकेत आहे. जे साहित्य सहज मिळत होते, जे करायला यंत्र लागत नव्हते आणि ज्याची कृती साध्या भाषेत लिहून घरोघरी पोहोचवली गेली, ते टिकले. ज्याला दाबयंत्र, बंधक आणि भांडवल लागत होते, ते बरणीत राहिले.

आज आपल्याकडे याचा उपयोग काय?

वखारीतला भुसा आपल्याकडे पूर्वी भुशाच्या शेगडीत जायचा. आता तो कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरला जातो किंवा त्याच्या कांड्या करून बॉयलरमध्ये जाळल्या जातात. जाळणे हा शेवटचा पर्याय असायला हवा. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो. एक किलो भुसा जाळला की सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लगेच हवेत जातो. तोच भुसा बोर्डात बांधला तर हा कार्बन अनेक वर्षे भिंतीत किंवा कपाटात अडकून राहतो. आधी वस्तू, मग तिचा पुनर्वापर आणि अगदी शेवटी इंधन, असा क्रम म्हणूनच सांगितला जातो.

अर्थात भुशाचा प्रत्येक बोर्ड आपोआप पर्यावरणपूरक ठरत नाही. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ बांधायला बहुतेक वेळा युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन वापरतात. त्यातून निघणारा फॉर्माल्डिहाइड वायू बंद खोलीत डोळे आणि घसा चुरचुरवतो आणि दीर्घकाळ संपर्कात घातक ठरतो. म्हणून खरेदी करताना पार्टिकल बोर्डसाठी आयएस ३०८७ आणि एमडीएफसाठी आयएस १२४०६ ही भारतीय मानके तसेच ई-१ किंवा ई-० ही उत्सर्जनाची श्रेणी पाहावी. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराजवळ साधा बोर्ड ओलाव्याने फुगतो, हेही लक्षात ठेवावे. रंग, खिळे, रसायने लागलेले बांधकामाचे जुने लाकूड सरसकट दळता येत नाही, ते आधी निवडावे लागते.

कार्व्हर यांचा खरा वारसा आपल्याकडे कदाचित विदर्भातल्या पऱ्हाटीत आहे. कापूस वेचून झाला की उभी राहणारी पऱ्हाटी ही लाकडासारखीच तंतुमय असते. बरीचशी बांधावर जाळली जाते. शेतात रचून ठेवली तर तिच्यात गुलाबी बोंडअळी तग धरते. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, हिने या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले आहे. ही संस्था १९२४ मध्ये सुरू झाली, मेसनने अर्ज केला त्याच वर्षी. तंत्र आहे, कच्चा माल शेतात उभा आहे. अडते ते पऱ्हाटी गोळा करणे, तिचे तुकडे करणे आणि विरळ, हलका माल परवडणाऱ्या खर्चात कारखान्यापर्यंत नेणे इथे.

शंभर वर्षांपूर्वी कापसाच्याच प्रदेशात कार्व्हर याच टप्प्यावर थांबले होते. कचऱ्यातून काय होऊ शकते हे त्यांनी दाखवले, पण तो गोळा करून, मोजून, एकसारखा माल करून विकणारी साखळी त्यांच्या मागे नव्हती. आपल्याकडे ती शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि प्रयोगशाळा मिळून उभी करू शकतात. तसे झाले नाही तर पऱ्हाटीचा बोर्डही प्रयोगशाळेतला आणखी एक नमुना होऊन राहील आणि हंगाम संपला की बांधावर धूर दिसतच राहील.